परदेशातला बर्गर : तुमची साखळी कोणती?

ऑगस्ट आला की नवी मुलं-मुली शिकायला बाहेर पडतात आणि पहिल्याच आठवड्यात "बर्गर कुठला खाऊ?" म्हणून विचारणा सुरू होते. बीफ न खाणाऱ्यांना हा प्रश्न जास्तच छळतो. देश बदलला की उत्तर बदलतं, म्हणून आपापल्या गावचा अनुभव लिहा. काय मागवता, काउंटरवर काय विचारून घेता, कुठे परत जावंसं वाटतं? सुरुवात मी करते.

न्यू जर्सी
शाकाहारी असाल तर अमेरिकेत मॅकडोनल्ड्सचे फ्राइज सोडून द्या. १९९० मध्ये त्यांनी बीफच्या चरबीत तळणं बंद करून वनस्पती तेल आणलं, पण चवीसाठी बीफचा अंश ठेवलाच. त्यावरून २००१ मध्ये सिअ‍ॅटलला हिंदू आणि शाकाहारी लोकांच्या वतीने दावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तो अंश इथल्या फ्राइजमध्ये आजही आहे. घटकांच्या यादीत तसं छापलेलं असतं, पण भारतातल्या फ्राइजमध्ये तो नसल्यामुळे तिकडून आलेल्या मुलांना यादी वाचायचं सुचतच नाही. ही गोष्ट प्रत्येकाला आधी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माझी पसंती शेक शॅकला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात २००४ मध्ये त्यांची पहिली टपरी उभी राहिली. त्यांचा श्रूम बर्गर म्हणजे चीज भरून कुरकुरीत तळलेलं अख्खं पोर्टोबेलो मशरूम. पहिला घास जपून घ्या, आतलं चीज उकळतं असतं आणि दाब पडला की बाहेर येतं. स्वस्त नाही, पण शाकाहाऱ्यांसाठी कुणीतरी डोकं लावून काही बनवलंय हे त्यात कळतं.

सॅन होजे
आमच्याकडे इन-एन-आउट. १९४८ पासूनची साखळी, आणि मेनू इतका छोटा की पाटीवर बिनमांसाचं काहीच दिसत नाही. तरी आत जा आणि "ग्रिल्ड चीज" मागा. पावात दोन चीजच्या चकत्या, लेट्यूस, टोमॅटो, कांदा आणि त्यांचा तो गुलाबी सॉस. "अ‍ॅनिमल स्टाइल" म्हटलंत तर कांदा परतून मिळतो. काउंटरमागे मुलगा अख्खा बटाटा यंत्रात ठेवून दांडा खाली ओढतो आणि खाली सळ्या पडतात, त्या तशाच सूर्यफुलाच्या तेलात जातात. फ्राइज जरा मऊ असतात, म्हणून "वेल डन" सांगा. विद्यार्थ्याच्या खिशाला यापेक्षा बरं काही नाही.

ह्यूस्टन
टेक्सासात व्हॉटाबर्गर! नारिंगी-पांढरे पट्टे, रात्रभर उघडं, टेबलावर नंबराची पाटी ठेवून बसायचं. मांसाहारी नसाल, पण अंडं चालत असेल तर रात्री ११ नंतर जा. तेव्हापासून सकाळी ११ पर्यंत न्याहारीचा मेनू असतो आणि अंडं-बटाटा-चीजचं टॅकिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेला रोल, मिळतं. सोबत त्यांचं तिखट केचप. लायब्ररी बंद झाल्यावर आमचा अख्खा घोळका तिथेच असायचा.

व्हर्जिनिया
फाइव्ह गाइज इथलीच, १९८६ ची. भाज्या हव्या तेवढ्या घाला, त्याचे पैसे नाहीत. बीफ न खाणाऱ्यांसाठी भाज्यांचं सँडविच आहे. पण घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर दारातूनच मागे फिरा. फ्राइज शेंगदाण्याच्या तेलात तळतात. माझ्या मुलाला ही अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे आमच्यासाठी ती साखळी बाद. मोठी पुडी एकट्याने मागवू नका, फ्राइज पिशवीभर सांडलेले असतात.

लंडन
वरचं वाचून घाबरू नका, इथे मॅकडोनल्ड्सचे फ्राइज शाकाहाऱ्यांना चालतात. मॅकप्लांट हा वनस्पतीच्या पॅटीचा बर्गरही मिळतो, तो वीगन आहे. एकाच कंपनीने दोन देशांत इतका फरक ठेवावा याचा मला राग येतो.

तोक्यो
मी मालवणचा, मासे हवेतच. मॉस बर्गर ही जपानी साखळी १९७२ पासूनची. त्यांच्या राइस बर्गरला पावाऐवजी दाबून भाजलेल्या भाताच्या दोन चकत्या असतात. मध्ये कोळंबी आणि भाज्यांचं काकिआगे, म्हणजे दिसायला थेट आपली खेकडा भजी. भाताची कड किंचित करपलेली, त्यावर त्यांचा सॉस. ऑर्डर दिल्यावर बनवतात, त्यामुळे थांबावं लागतं, पण पाव खाऊन कंटाळलेल्या जिभेला भात मिळतो यातच सगळं आलं.

शिकागो
आमच्या वसईच्या घरी बीफ चालतं, म्हणून निखळ बर्गरबद्दल लिहितो. कल्व्हर्स. विस्कॉन्सिनची साखळी, पावाला लोणी लावून भाजतात, पॅटीच्या कडा तव्यावर जाळीदार होतात. बायको शाकाहारी, ती तळलेल्या चीज कर्ड्सवर, म्हणजे चीजच्या छोट्या गोळ्यांवर, खूश असते.

टोरांटो
एक अनुभव नाव न घेता. एका ठिकाणी व्हेज पॅटी मागितली, तर मुलाने बीफच्या तव्यावरच, त्याच उलथण्याने भाजली. मी नवी भाजून मागितली, त्याने दिलीही. तेव्हापासून ऑर्डर देतानाच सांगते. अमेरिकेत बर्गर किंगच्या इम्पॉसिबल व्हॉपरलाही हेच लागू. पॅटी वनस्पतीची, पण न सांगितल्यास बीफबरोबर एकाच जाळीवर भाजतात, आणि मेयोनेजमध्ये अंडं असतं.

इथे मी हार्वीजला जाते. व्हेज बर्गर नेहमी असतो आणि काचेपलीकडे तुमच्यासमोर एकेक गोष्ट घालतात. लोणच्याच्या काकड्या दुप्पट सांगा, आणि तिखट मिरच्या मागा.