एल-४ एल-५ ची गादी सरकली म्हणतात, ऑपरेशनशिवाय बरं होतं का?

तापीकाठची

नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातले. घरची अडीच एकर केळी आहे, बाकीचे दिवस आमचे हे दुसऱ्यांच्या कटाईवर जातात. वय ४१. तीन आठवड्यांपूर्वी कांदेबागेच्या केळीतून घड बाहेर काढत होते. खांद्यावरचा घड ट्रॉलीत ठेवताना हे कमरेतून वळले आणि तिथेच खाली बसले. आम्हाला वाटलं उसण भरली असेल. बाम चोळला, गरम विटेने शेकलं. तिसऱ्या दिवसापासून कमरेचं दुखणं कमी झालं आणि डाव्या पायाचं वाढलं. कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने पोटरीवर, तिथून थेट अंगठ्यापर्यंत. करंट लागल्यासारखं वाटतं म्हणतात. खोकला आला तरी पायात कळ जाते. मांडी घालून बसता येत नाही, भिंतीला टेकून उभ्यानेच भाकरी खातात.

एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, डिस्क बल्ज (गादी फुगलेली), डाव्या नसेवर दाब, त्याच्या खालच्या एल-५ एस-१ लाही थोडा बल्ज, आणि खाली 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) असं लिहिलंय. ज्यांनी पाहिला त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, ऑपरेशन करून टाका, नाहीतर पाय जाईल. खर्च ऐकून आम्ही घरी आलो. सासूबाई म्हणतात, मणका बसवणाऱ्याकडे नेऊ. दीर म्हणतात, महिनाभर पलंगावरून उठू देऊ नका. यांचं तर बोलणंच बंद झालंय. रात्रभर आढ्याकडे बघत जागे असतात.

ही गादी परत आत जाते का? कोणाचं ऑपरेशनशिवाय बरं झालं असेल तर काय काय केलं ते सविस्तर सांगा.

अमळनेरवाला

वहिनी, घाबरू नका, बठ्ठं नीट व्हई जाई. माझ्या मोठ्या भावाला असंच झालं होतं, कापसाचं गाठोडं उचलताना. बेल्ट लावला, फळीवर झोपवला, दीड महिना उठू दिलं नाही. दुखणं गेलं, पण उठल्यावर पाय काडीसारखे झाले होते, नीट चालायला आणखी दोन महिने गेले. बेल्ट मात्र घ्याच.

चोपड्याचा शिंपी

ताई, मी ५२ वर्षांचा. चोपड्यात टेलरिंगचं दुकान आहे. २०१९ च्या लग्नसराईत मला हेच झालं, हीच एल-४ एल-५, फक्त उजवा पाय. ऑपरेशन झालं नाही. आज दिवसभर दुकान चालवतो. तेव्हा सगळं सांगतो, थोडं लांबेल.

आधी चुका सांगतो. मी पण मणका बसवायला गेलो होतो. त्याने पालथं पाडून पाठीत गुडघा रोवला आणि झटका दिला. पुढचे दोन दिवस पाय जमिनीला टेकवता आला नाही. गादीने नस आधीच दाबलेली असताना असा झटका देणं म्हणजे जखमेवर बुक्की मारणं आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. दुसरी चूक म्हणजे मीही दहा दिवस पडून राहिलो. जितका पडलो तितका आखडलो. अगदी असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस पडा, त्याहून जास्त नको.

नंतर एका फिजिओकडे गेलो. त्यांनी मला पालथं झोपवलं, हात अंगाशी, काही करायचं नाही, फक्त दोन मिनिटं पडा म्हणाले. मग कोपरांवर टेकून छाती उचलायला लावली. मग काही दिवसांनी तळहातांवर, कंबर खाली सैल सोडून. दर दोन तासांनी दहा वेळा. नियम एकच दिला: हे करताना पायातलं दुखणं वर सरकलं तर चालू ठेवा, खाली उतरलं तर थांबा. सगळ्यांना हाच व्यायाम चालत नाही, काहींना पाठ मागे वाकवली की पाय जास्त दुखतो. म्हणून पहिल्यांदा कोणाच्या तरी नजरेखाली करावा.

या 'वर सरकण्या'बद्दल मला मुद्दाम सांगायचंय. बरं होताना दुखणं आधी अंगठ्यातून जातं, मग पोटरीतून, मग मांडीतून, आणि शेवटी कमरेत येऊन बसतं. तेव्हा कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. माझी बायको रडायला लागली होती, आजार वाढला म्हणून. उलट तीच चांगली खूण होती. तुम्ही यांना रोज विचारा, आज कळ कुठपर्यंत गेली? किती दुखतंय हे नंतर.

मी शिंपी, मापाशिवाय माझा विश्वास बसत नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता भिंतीच्या कडेला उताणा झोपायचो. गुडघा सरळ ठेवून दुखरा पाय हळूहळू उचलायचो, कळ सुरू झाली की थांबायचो. बायको टाचेच्या जागी भिंतीवर मार्किंगच्या खडूने रेघ मारून जमिनीपासून टेप लावायची. पहिल्या रविवारी ९ इंच. दुसऱ्या रविवारी ९. तिसऱ्या रविवारी ८, आणि त्या रात्री मी कोणाकडून किती उसने मिळतील याची यादी करायला बसलो होतो. चौथ्या रविवारी ११. सहाव्या रविवारी १७. अकराव्या रविवारी २८, आणि कळ नाही, नुसता मांडीमागे ताण. त्या रेघा मी अजून पुसू दिल्या नाहीत. दिवाळीला रंग दिला तेव्हा तेवढा भाग सोडायला लावला.

चालणं सपाट रस्त्यावर, सुरुवातीला पाच मिनिटं, पण दिवसातून सहा वेळा. बांधावर नको, तिथे पाय मुरडतो. शौचाला उकिडवं बसू देऊ नका, खुर्ची मिळते ती आणा. पोट साफ राहील असं बघा, कुंथलं की कळ थेट पायात उतरते. गोळ्या मी घेतल्या, डॉक्टरांनी दिल्या तितक्याच. नसेच्या गोळीने मला सकाळी गरगरायचं, ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा कमी केली. मशीन लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, कटिंगचं टेबल ३० इंचांवरून ३८ वर नेलं. आता कापणं उभ्यानेच. एक पँट जोडून झाली की उठून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन येतो, ते आजही.

बेल्टबद्दल: बसच्या प्रवासात लावायचो, घरी काढून ठेवायचो.

आणि आज रात्रीच हे करा. यांना आधी टाचांवर चालवा, मग पंजांवर. मग पायाच्या अंगठ्यावर तुमचं बोट ठेवून खाली दाबा आणि त्यांना वर उचलायला सांगा. दोन्ही पायांत फरक वाटतो का ते इथे लिहा.

फिजिओ ताई, जळगाव

शिंपीकाकांनी बरंच नीट सांगितलं आहे. मी थोडी भर घालते.

गादी सरकत नाही, म्हणून ती बसवताही येत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये ती घट्ट चिकटलेली असते. बाहेरून धाग्यांची अनेक पदरी कडक कड, आत मऊ गर. कड सैल होऊन गादी सगळीकडून फुगते तो बल्ज. कड फाटून गर बाहेर आला तर तो हर्निएशन. त्या गरामुळे नसेला सूज येते, नुसता दाब नसतो. सूज उतरली की एमआरआय तसाच असूनही पायाचं दुखणं थांबतं. आणि बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं, पांढऱ्या पेशी तिथे येऊन तो हळूहळू संपवतात. ऐकून नवल वाटेल, पण मोठा तुटून बाहेर आलेला तुकडा साध्या बल्जपेक्षा जास्त वेळा विरघळतो.

रिपोर्टमधल्या 'डिजनरेटिव्ह'ला घाबरू नका. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय काढले होते, ज्यांची कंबर कधी दुखत नव्हती अशांचे. त्यातल्या ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी बल्ज निघाला. चाळिशीत निम्म्या लोकांच्या फिल्ममध्ये बल्ज दिसतो, त्यांना काही होत नसतं. तुमच्या घरी एल-५ एस-१ चा बल्ज बहुधा असाच जुना पाहुणा आहे. फिल्म आणि पाय एकमेकांशी जुळतात का, हे तपासूनच कळतं.

ऑपरेशन वाईट नाही, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. दीड ते तीन महिने पाय जोरात दुखणारे हे लोक. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांच्या पायाचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोक बरे होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे तीन आठवड्यांत 'करून टाका नाहीतर पाय जाईल' हे प्रत्येकाला लागू होत नाही. मधे एक पायरी आहे, मणक्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. पायाच्या कळेला काही आठवडे आराम देतं, त्या काळात व्यायाम करता येतो.

पंधरा दिवस रोज ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) लावून कोणी पैसे घेत असेल तर विचार करा. त्याने फार फरक पडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकणं टाळा. रात्रभर आडवं झोपल्याने गादी पाणी शोषून टम्म असते. त्याच वेळेला गायीखाली बसून दूध काढलं, वाकून हंडा उचलला, की कळ आलीच. दूध काढायचं काम काही दिवस दुसऱ्यांनी करावं. विडी-सिगारेट असेल तर बंद, गादीला मुळात रक्त कमी मिळतं.

पण लघवी अडकली, नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागी बधिर वाटू लागलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे तासांचा हिशेब असतो.

तापीकाठची

काका, ताई, दोघांचे खूप आभार. तुम्ही लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. शिंपीकाकांचं ८ इंचांचं ऐकल्यावर पहिल्यांदा विचारलं, "पुढं काय झालं?"

ओट्यावर चालवून बघितलं. पंजांवर ठीक. टाचांवर चालताना डावा पंजा खाली येतो. अंगठा दाबला तर उजवा दबत नाही, डावा माझ्या एका बोटाने खाली जातो. लघवीचं सगळं ठीक आहे.

फिजिओ ताई, जळगाव

हे लिहिलंत ते बरं केलंत. एल-५ नसेचा स्नायू थोडा कमजोर झालाय, फिल्मशी जुळतंय. यावर घरीच व्यायाम करत बसू नका. उद्या-परवाच मणक्याच्या किंवा अस्थिरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी चालेल. जुनी फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. ताकद किती आहे ते कागदावर आकड्यात लिहून मागा, शून्य ते पाच असं मोजतात. एवढ्या कमजोरीत बरेच जण ऑपरेशनशिवाय सुधारतात, पण दर आठवड्याला मोजलं पाहिजे. ताकद उतरत गेली, किंवा पंजा चालताना घासू लागला, तर मात्र ऑपरेशनला नाही म्हणू नका. खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला माणूस) विचारा.

चोपड्याचा शिंपी

ताई, माझा अंगठा दबत नव्हता, फक्त दुखत होता. तेव्हा माझी गोष्ट तुमच्या घराला तंतोतंत लागू नाही. आधी डॉक्टर, मग बाकीचं. बसने जाताना मधल्या सीटवर बसवा, शेवटच्या नको, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. स्पीडब्रेकर दिसला की त्यांना हातावर भार घेऊन थोडं उठायला सांगा.

तापीकाठची

परवा जळगावला निघतोय, दीर सोबत येतात. त्यांनीच पलंगाचा हट्ट सोडला.

आज दुपारी हे कोपरांवर टेकून पालथे पडले होते. कळ गुडघ्याशी थांबली म्हणाले, खाली गेली नाही. मग भिंतीवर पहिली रेघ मारली. खडू नव्हता, मुलीची पाटीवरची पेन्सिल घेतली. ११ इंच.