एकांकिका-लेखन स्पर्धेतील संहिता कोणत्या परीक्षकाकडे द्याव्यात?

रंगमंडळ_कार्यवाह:
आमची संस्था यंदा प्रथमच एकांकिका-लेखन स्पर्धा घेत आहे. आलेल्या संहितांमध्ये मालवणी, अहिराणी व झाडीबोलीतील लेखन आहे, बालनाट्ये आहेत आणि काही संहिता तर पटकथेसारख्या दृश्यक्रमाने लिहिलेल्या आहेत. प्रत्येक परीक्षकाने सर्व संहिता वाचणे वेळेत शक्य नाही. चिठ्ठ्या टाकल्यास निःपक्षपात राहील. परंतु मालवणी संहिता त्या बोलीचा गंधही नसलेल्या वाचकाकडे गेली, तर लेखकावर अन्याय होईल. वाटप कसे करावे?

संहितावाचक:
परीक्षकांना ‘काय आवडते’ हे विचारू नये. कोणती बोली ते अडखळल्याशिवाय वाचतात, बालनाट्य कधी बसवले आहे का, पटकथा हाताळली आहे का, हे विचारावे. त्यानंतर प्रत्येक संहिता दोघांकडे द्यावी: एक त्या बोलीचा किंवा प्रकाराचा जाणकार आणि दुसरा चिठ्ठीने निवडलेला. जाणकाराला संवादांची लय, टोमणे आणि नात्यांमधील अदब नेमकी कळते. मात्र आपल्या मुलखाच्या मायेपोटी तो कधीकधी सैल रचना चालवून घेतो आणि ती सैलता दुसऱ्याच्या लक्षात येते. दोघांच्या गुणांत मोठी तफावत पडली तर कृपया सरासरी काढू नका, कारण वेगळ्या धाटणीची संहिता अशाच वेळी मधल्या गर्दीत हरवते. ती तिसऱ्याकडे, आधीचे गुण न कळवता, द्यावी.

धानपट्टा:
याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकल्यावर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्रभर चालतात; तिथल्या प्रेक्षकाला गाणी आणि विनोदी प्रवेश हवेच असतात. त्या वळणाने लिहिलेल्या एकांकिकेतील गाण्याला शहरी वाचक सहज ‘पाल्हाळ’ म्हणून गुण कापतो. ते गाणे कथानक पुढे नेते की नुसते थांबवून ठेवते, हे ती रंगभूमी पाहिलेल्यालाच ठरवता येईल.

पडद्यामागे:
लेखकाचे नाव काढून सांकेतिक क्रमांक द्यावा. तरीही लहान जिल्ह्यात कार्यशाळा घेणारा शिक्षक विद्यार्थ्याचे लेखन ओळखतोच, म्हणून कारण न देता संहिता परत करण्याची मुभा परीक्षकाला असावी. पटकथेच्या वळणाच्या संहिता स्पर्धेत बसतात की नाही, हे मात्र परीक्षकांवर सोपवू नये. वाटपापूर्वी संस्थेनेच ठरवावे.

रंगमंडळ_कार्यवाह:
सर्वांचे आभार. आमच्या मंडळात अहिराणी जाणणारा परीक्षकच नाही. लेखकाकडून शब्दार्थांची यादी मागवली तर चालेल का?

संहितावाचक:
यादीने अर्थ कळेल, पण बोलण्याचा ठेका कळणार नाही. तेवढ्या संहितांपुरता खानदेशातील एखादा अनुभवी दिग्दर्शक वाचक म्हणून घ्यावा आणि त्याने केलेले अभिवाचन ध्वनिमुद्रित करून, त्याचे मत न सांगता, दुसऱ्या परीक्षकालाही ऐकवावे.