पाथरी म्हणजे नेमकी कोणती? आणि डँडेलियन वेगळं का?

लातूरची सून: सासूबाईंनी सोसायटीच्या लॉनमधलं एक पिवळ्या फुलाचं रोप दाखवलं आणि म्हणाल्या ही पाथरी, आमच्याकडे भाकरीबरोबर कच्ची खातात. फोनमधलं अ‍ॅप म्हणतं डँडेलियन. दोन्ही एकच का? मराठीत अजून काही नाव आहे का? आणि कुंडीत लावता येईल का?

रानभाजीवाला: सासूबाईंचं ऐका ताई. खरं डँडेलियन थंड हवेतलं, आपल्या देशात ते मुख्यतः हिमालयाकडे. त्याच्या एका पोकळ दांड्यावर एकच फूल असतं, फांद्या फुटत नाहीत. पाथरीचा दांडा बारीक, त्याला फाटे फुटतात आणि छोटी छोटी बरीच फुलं येतात. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, कडा कातरल्यासारख्या, नीट बघितलं तर कडेला बारीक पांढरे दाते दिसतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. कुळ दोघांचं एकच, सूर्यफुलाचं, म्हणून अ‍ॅप गोंधळतं.

सोलापूरकर: आमच्याकडे पात्री पण म्हणतात, आणि सीमेपलीकडे कानडी लोक हक्करकी म्हणतात ती ह्याच जातकुळीतली, तेही ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्चीच खातात.

प्रश्न पडलेला: पाथरी खाल्ली की पथरी जाते असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, खरंय का?

रानभाजीवाला: पथरी हा हिंदी शब्द, मराठीत आपण मुतखडा म्हणतो. नाव जुळतंय म्हणून कुणीतरी औषध जोडून दिलंय. मुतखडा असेल तर डॉक्टरकडे जा, पाथरी भाजी म्हणून खा.

वनस्पतीवेडी: शास्त्रीय नाव लाउनिया प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी, आणि ते अगदी चपखल आहे कारण हिला आडवे धुमारे फुटतात आणि ते जिथे टेकतात तिथे मुळं धरतात. हे लोळणं रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आधी दिलेल्या नावातही होतं, फक्त त्याने ही प्रेनँथीस ह्या प्रजातीत टाकली होती, आत्ताचं नाव १९६९ पासूनचं. आणि लोक एकदांडीलाही पाथरी समजतात म्हणून सांगते, एकदांडीला चीक नसतो, पानं खरबरीत केसाळ, फुलात मधे पिवळी चकती आणि कडेला फिकट पाकळ्या मोजक्याच. पाथरीत मधली चकती नाहीच, आतून बाहेरपर्यंत सगळ्या पट्टीसारख्या पाकळ्या. सोनकीलाही चकती असते, ती पावसाळा सरताना सह्याद्रीच्या उतारावर पिवळा गालिचा करते ती. म्हातारा नावाच्या तणाला चीक असतो खरा, पण त्याचा दांडा जाड, सरळ उभा आणि पानांचे कान दांड्याला कवटाळून बसलेले. ह्या चार ओळखी आल्या की चूक होत नाही.

लातूरची सून: वा, एकदम क्लिअर झालं! सासूबाई घोळाणा म्हणत होत्या तो काय?

सोलापूरकर: कच्ची पानं बारीक चिरायची, कांदा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट, वरून कच्चं तेल आणि हाताने कालवायचं. लगेच खायचा, ठेवला की पाणी सुटतं. फुलं यायच्या आधीची कोवळी पानं घ्या, नंतर कडू होतात.

वनस्पतीवेडी: कुंडीत नक्की येते. बी म्हातारीसारखं उडतं, फूल वाळून पांढरा गोंडा झाला की सकाळीच चिमटीत धरून काढा आणि ओल्या मातीवर भुरभुरा, वर मातीचा जाड थर नको. किंवा मुळासकट रोप उचलून लावा, पण मूळ खोल जातं म्हणून कुंडी उथळ नको. भरपूर ऊन, पाणी बेताचं. बहुवर्षायू आहे, त्यामुळे पानं खुडली तरी खालून परत फुटते, मूळ तेवढं उपटू नका. फक्त त्या लॉनमधली खाऊ नका, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. शेतातही रुंद पानाच्या तणांसाठी टू-फोर-डी मारतात त्यात पाथरी मरते, फार वाईट वाटतं बघून.

रानभाजीवाला: म्हणूनच तण म्हणून उपटणाऱ्यांना हे नाव माहीत असायला पाहिजे. हरभऱ्याच्या, गव्हाच्या बांधाला थंडीत बघा, ओल असेल तिथे सापडते.