पोळी मोजायची की तोलायची?

सव्वाशेर (रविवार, सकाळी ९.४०)

परवा अन्नपूर्णा_ठाणे यांनी लिहिलं, "स्वयंपाकघरात वजनकाटा आला की घरातला आनंद गेला. मूठभर भात, तळहाताएवढी पोळी, अंगठ्याच्या पेराएवढं तूप, एवढं माप पुरे. आपल्या आज्या काही तोलत नव्हत्या आणि ठणठणीत होत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे दोन ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या, म्हणून हा वेगळा धागा.

दोन वर्षं मी अंदाजानेच कॅलरी लिहिल्या. रोज १६००. सुरुवातीला दोन किलो उतरले आणि काटा तिथेच अडला. थायरॉइड तपासून झालं, काही निघालं नाही. मग साडेचारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा आणला. पहिल्याच दिवशी आमच्या डब्यातली सर्वांत लहान पोळी ३४ ग्रॅम भरली आणि सर्वांत मोठी ५८. ॲपमध्ये दोन्हींची नोंद "१ पोळी".

पण पोळीचं एक वेळ सोडा. खरा चोर तेल. तेलाचा कावळा, म्हणजे ते चोचीचं भांडं, काट्यावर ठेवा, शून्य करा, फोडणीला तेल घाला आणि कावळा परत ठेवा. जेवढं गेलं तेवढं उणे दिसतं. माझ्या एकट्याच्या पोह्यांना उणे २२ आलं. तेल ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे दोनशेला दोन कमी. मी लिहीत होतो "१ चमचा, ४०". दाण्याच्या कुटाचं तेच. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास आणि आपण कूट घालतो हात सैल सोडून.

हे माझ्या एकट्याचं नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. "आम्ही १२०० च्या आत खातो तरी वजन हलत नाही" म्हणणाऱ्यांचं प्रत्यक्ष खाणं तपासलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ती माणसं खोटारडी नव्हती. आपल्या सगळ्यांचाच अंदाज आपल्याच बाजूने झुकतो.

आणि ताई, वितळलेल्या तुपाचं पेर कसं मोजायचं तेवढं सांगा.

अन्नपूर्णा_ठाणे (१०.१५)

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

तो अभ्यास मलाही माहीत आहे. ज्यांचा ४७ टक्के आकडा तुम्ही मिरवताय ती माणसं होती दहा. दहा! आमच्या मजल्यावर त्याहून जास्त राहतात. आणि तुमच्या काट्याचं म्हणाल, तर ग्रॅम अचूक आला म्हणून कॅलरी अचूक येत नाही. अमेरिकेत पाकिटावरच्या आकड्यात २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. २०१२ साली तिथल्याच कृषी खात्याच्या संशोधकांनी बदाम तपासले, तर अंगी लागणाऱ्या कॅलरी पाकिटावरच्या आकड्यापेक्षा जवळपास एक चतुर्थांश कमी. तुम्ही बसा बदाम तोलत.

एक साधा प्रश्न. ३४ आणि ५८ ग्रॅमच्या पोळ्या लाटतं कोण तुमच्याकडे?

सव्वाशेर (१०.२२)

बायको. काटा मी लावतो.

अन्नपूर्णा_ठाणे (१०.२४)

वाटलंच. ती ओट्याशी घामाघूम आणि तुम्ही शेजारी इन्स्पेक्टरसारखे उभे. "ही ५८ झाली गं." माझ्या नवऱ्याने असं केलं असतं तर तोच काटा त्याला बसला असता.

शमा७७ (१०.३१)

+१. कणकेचा गोळाच तोलून घ्या म्हणजे पोळ्या सारख्या होतील, आणि ते काम स्वतः करा. भाजताना पाणी उडतं, भाजलेली पोळी तोलून पिठाचा हिशेब नीट लागत नाही. गोळा सुमारे ४८ ग्रॅम घेतला तर आत ३० ग्रॅम पीठ असतं, म्हणजे शंभरेक कॅलरी. वरून लावलेलं तेल वेगळं.

बापू_सातारकर (११.०५)

आज्या तोलत नव्हत्या हे कुणी सांगितलं? तोलत नसतील, मापत होत्या. आमची आजी कोठीची किल्ली कमरेला खोचून असायची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. जात्यावर बसणाऱ्या सुनेला किती मापटी ज्वारी दिली आणि पीठ किती आलं, तिला रात्री झोपेतही सांगता यायचं. अंदाज वगैरे भरल्या घरातले लाड. ज्यांना वर्षाचं धान्य पुरवायचं होतं त्यांनी कधी अंदाजाने काढलं नाही.

दर्यावर्दी (११.२०)

बापू, ती तुमची घाटावरची पायली. आमच्या देवगडाकडची लहान. आणि आमच्याकडे भात मोजायचा तो कुडवाने नि खंडीने.

बापू_सातारकर (११.२६)

पायली ती पायली. लहान कशी असेल?

दर्यावर्दी (११.३३)

गाव बदललं की माप बदलायचं, म्हणून तर १९५६ साली कायदा करून किलो आणावा लागला. माझ्याकडे माळ्यावर आजोबांचं पितळी मापटं आहे, आत्ताच काढून बघितलं. तांदूळ सपाट भरले तर ४७० ग्रॅम. शीग लावली, म्हणजे वर रास केली, तर ५५५. एकाच भांड्यात ८५ ग्रॅमचा फरक. बोला.

बापू_सातारकर (११.४०)

शिगेचं कोकणाने सांगू नये. घ्यायचं तेव्हा शीग आणि द्यायचं तेव्हा हात फिरवून सपाट, हे कुणाचं माप होतं ते जगाला माहीत आहे. खोतांचं, गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं.

दर्यावर्दी (११.४४)

तोंड सांभाळून. माझे आजोबा कूळ होते, खोत नव्हते. शीग लावून भात त्यांच्याच खळ्यातून उचललं जायचं. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते कुणासाठी? हे मापटं त्यांनी मुद्दाम विकत घेतलं होतं, निदान घरात तरी खरं माप असावं म्हणून. तुम्ही घाटावर बसून कोकण म्हणजे खोत एवढंच शिकलात.

बापू_सातारकर (११.५८)

कूळ होते हे ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो. पायलीचं मागे घेत नाही.

सव्वाशेर (दुपारी १२.०२)

मंडळी, धागा कॅलरींचा आहे.

दर्यावर्दी (१२.०५)

कॅलरींचंच चाललंय. तुमच्या ॲपमधला "१ चमचा" सपाट की शीग लावून? हाच तर वाद आहे.

डॉक्टर_नाही (१२.४०)

काटेवाल्यांना एक विनंती. काटा घेण्याआधी वाचायला शिका. माझ्या ऑफिसातला एक जण २०० ग्रॅम शिजलेला भात तोलायचा आणि नोंद कच्च्या तांदळाची निवडायचा. कच्चा तांदूळ शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, शिजल्यावर पाणी पिऊन तेवढ्याच वजनाला १३०. म्हणजे खाल्ले २६०, लिहिले ७००. महिनाभर रात्री नुसती काकडी खाऊन झोपला आणि आमच्यावर खेकसत राहिला. अचूक तोललं, अचूक चुकलं.

आमटी-भाजीवाल्यांसाठी: पातेल्यांचं रिकामं वजन एकदाच लिहून ठेवा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतातच, "चि. अमुकच्या मुंजीप्रीत्यर्थ" च्या खाली "८१० ग्रॅम" पण कोरून घ्या.

शमा७७ (१२.४८)

हे खरंच करणार आहे. 😂

निशिगंध (१.३०)

हसताय त्यांच्यासाठी. माझी भाची १९ वर्षांची. तिने असाच काटा मागवला होता, आधी सगळ्यांनी कौतुक केलं. मग ती द्राक्षं एकेक तोलायला लागली. मग लग्नाला, सणाला, कुणाकडेही जेवायला येईना, कारण तिथे काटा नसायचा. दिवाळीत माझ्या बहिणीने फोडणीत तेल "जास्त" घातलं म्हणून पातेलं सिंकमध्ये ओतलं. वजन ३८ किलोवर आल्यावर दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे. त्या घरात काटा दिसला की आजही माझ्या बहिणीचे हात थरथरतात. तुमच्या ४७ टक्क्यांत हे कुठे बसतं?

सव्वाशेर (१.४५)

कुठेच बसत नाही. वाईट वाटलं वाचून. पण काट्यामुळे आजार होतो असं म्हणायचं असेल तर मला पटत नाही. माझ्या घरातही...

निशिगंध (१.४७)

"पण" लिहिण्याआधी पाच मिनिटं थांबायचं होतं.

इन्सुलीन_आई (२.२०)

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन मधुमेह. जेवणाआधी त्याच्या ताटात कर्बोदकं किती ग्रॅम आहेत त्यावर इन्सुलीनचे युनिट ठरतात. मूठ, तळहात, पेर मी सगळं करून पाहिलं. भात अंदाजाने लिहिला त्या रात्री तीन वाजता शुगर ५२ पर्यंत उतरली होती आणि मी अंधारात त्याला साखरपाणी पाजत होते. त्यामुळे "काटा आला की आनंद गेला" हे वाक्य मला टोचलं. आमच्या घरात काटा आला तेव्हा मी पहिल्यांदा शांत झोपले.

निशिगंध ताई, तुमचंही खरं आहे. त्याला आठवीत-नववीत या आकड्यांचं काय वाटेल याची मला आत्तापासून भीती आहे.

अन्नपूर्णा_ठाणे (२.५०)

इन्सुलीन_आई, ते वाक्य तुमच्यासाठी नव्हतं. तरी टोचलं असेल तर माफ करा. माझा रोख चांगल्या धडधाकट माणसांवर होता, जी वरणाला फोडणी घालतानाही आकडेमोड करतात.

सव्वाशेर, तुम्हाला माफी नाही. तुमचा मुद्दा तेल आणि कुटापुरता असेल तर तसं म्हणा. भात-पोळी-भाजी सगळंच जन्मभर तोलायचं हे मला मान्य नाही.

सव्वाशेर (३.१०)

जन्मभर कुठे म्हटलं मी? सुरुवातीचे पंधरा दिवस सगळं तोललं. आता तेल, तूप, कूट, सुकामेवा आणि फरसाण एवढंच काट्यावर जातं. पालेभाजी, ताक, काकडी यांना मी पण डोळ्यांनीच मोजतो. रोज तेल १५ ग्रॅम जास्त गेलं तर महिन्याचे चार हजार कॅलरींवर होतात, कागदावरचा अर्धा किलो. पालकाची चूक असली तर किती, दहा कॅलरी?

आणि हो, सकाळी बायकोने हा धागा वाचला. आजपासून पोळ्यांचे गोळे मीच करतोय. पहिले पाच ४८, ६३, ४१, ५५, ७० असे झाले. सहावा परातीला चिकटलाय.

अन्नपूर्णा_ठाणे (३.१४)

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

अन्नपूर्णा_ठाणे (रात्री ८.५५)

हसणार नसाल तर सांगते. मुलाने शेजारणीकडून काटा आणला. मी रोजच्यासारखी वांग्याला फोडणी घातली, हात न आखडता, न सोडता. तो कावळा ठेवून म्हणतो, "आई, उणे ५४." तिघांची भाजी आहे, आणि मी तीस वर्षं त्याला "तीन चमचे" म्हणते आहे. शेजारणीचा काटा जुना आहे, सेल उतरले असतील.

सव्वाशेर (९.०१)

नक्कीच सेल.

बापू_सातारकर (९.०७)

ताई, चमचे सपाट होते की शीग लावून?

दर्यावर्दी (९.०९)

बापू, तेलाला शीग लागत नाही हो.

बापू_सातारकर (९.१२)

हे बरोबर. पण पायली चार शेरांचीच.