सल्ला हवा: परग्रहवासीयांनी वाढवलेलं मूल, समोरासमोर दोन जहाजं आणि 'ताबा कुणाचा' (अशा गोष्टी सुचवा)

आंबटगोड:
मंडळी, मदत करा. लेक नववीत आहे. सुट्टीत तिला 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' दाखवायला घेतलंय, हौस अर्थात माझी. परवा चौथ्या सीझनचा चौथा भाग लागला, 'सडनली ह्यूमन', १९९० चा. (खाली शेवट फोडलाय, पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

एन्टरप्राइझला, म्हणजे मालिकेतल्या माणसांच्या अंतराळजहाजाला, तलारियन नावाच्या परग्रहवासीयांच्या एका बिघडलेल्या जहाजावर पाच पोरं सापडतात, त्यातला एक माणसाचा. नाव जोनो. दहा वर्षांपूर्वी तलारियन हल्ल्यात त्याचे आईबाप गेले आणि एंडार नावाच्या तलारियन कप्तानानं त्याला मुलगा म्हणून वाढवलं. त्यांच्यात रीतच आहे, लढाईत आपला मुलगा गेला की मारलेल्या शत्रूचं मूल घ्यायचं. इकडे पोराची सख्खी आजी स्टारफ्लीटची, म्हणजे माणसांच्या बाजूच्या अंतराळ-आरमाराची, ॲडमिरल. म्हणजे बाप युद्धनौका घेऊन दारात उभा, आजीचा निरोप पडद्यावर, आणि मधे एन्टरप्राइझचा कप्तान पिकार्ड, ज्याला लहान मुलं समोर आली की घाम फुटतो.

जोनो हातमोजे काढत नाही, परक्यांच्या अंगाला हात लागू नये म्हणून. बायकांचं ऐकत नाही, म्हणून त्याला कप्तानाच्याच खोलीत ठेवतात. तिथे तो झोळी बांधून झोपतो. शेवटी एका रात्री झोपलेल्या पिकार्डच्या छातीत सुरा खुपसतो. पिकार्ड वाचतो, आणि त्याला एंडारकडे परत पाठवतो.

मला डोळ्यांत पाणी. लेक म्हणाली, "तो पहिल्या पाच मिनिटांपासून सांगतोय मला घरी जायचंय. मग चाळीस मिनिटं काय केलं यांनी? सुरा खुपसल्यावर ऐकू आलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तर अशाच आणखी गोष्टी सुचवा. भाग, सिनेमा, पुस्तक, नाटक, काहीही चालेल. अट एकच, दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं वाटलं पाहिजे. एक बाजू सरळसरळ राक्षस असेल तर नको. आणि कृपा करून मोगली सांगू नका, तिचा तो दुसरीत झाला.

वार्पवाला:
ताई, लेकीला माझा सलाम सांगा. हा भाग मी सात-आठ वेळा पाहिलाय आणि तिचा मुद्दा मला एकदाही सुचला नव्हता.

तुमच्या मागणीला सगळ्यात जवळचं म्हणजे 'डीप स्पेस नाइन'च्या (ट्रेकचीच दुसरी मालिका, एका अंतराळस्थानकावरची) दुसऱ्या सीझनमधला 'कार्डेशियन्स'. तिथे गणित उलटं आहे. कार्डेशियन लोकांनी बजोर ग्रह कित्येक वर्षं ताब्यात ठेवून पिळून काढला आणि जाताना स्वतःची अनाथ पोरं तिथेच टाकून गेले. त्यातला रुगाल नावाचा पोरगा एका बजोरन जोडप्यानं वाढवलाय. वाढवलाय कसा, तर स्वतःच्या जातीचा द्वेष शिकवून. गॅराक, हा स्थानकावरचा कार्डेशियन शिंपी, प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवतो तर पोरगा त्याच्या हाताला कडकडून चावतो. मग कळतं की खरा बाप जिवंत आहे आणि पोर मेलं समजून इतकी वर्षं बसलाय. पोराला दत्तक आईबापच हवेत. सिस्को, स्थानकाचा प्रमुख, निवाडा देतो तो मात्र खऱ्या बापाच्या बाजूनं, आणि तोही घाईघाईत उरकल्यासारखा. मला तो निकाल आजही पटत नाही. पण तुम्हाला भांडायलाच हवंय ना, मग हा पहिला लावा.

दुसरा, 'नेक्स्ट जनरेशन'मधलाच 'द ऑफस्प्रिंग', तिसरा सीझन. तुमचा बघून झाला असेल तर परत बघा. डेटा, म्हणजे यंत्रमानव, स्वतःची मुलगी घडवतो आणि तिचं नाव ठेवतो लाल. हो, आपलं हिंदीतलं लाल, लाडकी या अर्थानं. मग एक ॲडमिरल येतो, म्हणतो ही जहाजावर नको, आमच्या संशोधनकेंद्रात हवी. इथे परग्रहवासी कुणी नाही, तोफा नाहीत, पण ताब्याची भांडणं इतकी चिरून टाकणारी दुसरीकडे पाहिली नाहीत मी. मुलगी घाबरते, आणि ती भीतीच तिच्या मेंदूला सोसत नाही. न्यायला आलेला तोच ॲडमिरल शेवटी खोलीबाहेर येऊन सांगतो की डेटाचे हात तिला वाचवायला किती भरभर चालत होते. बस, पुढे सांगत नाही.

डॉ_खोकला:
अवांतर होईल, पण राहवत नाही. 'सडनली ह्यूमन' मलाही आवडतो, तरी एका जागी मी दरवेळी टीव्हीवर ओरडते. जहाजावरची डॉ. क्रशर जोनोला तपासते तेव्हा जुनी, भरून आलेली हाडं दिसतात. बरगड्या, हात. ती म्हणते मारहाण झाली असेल. एंडार म्हणतो, छे, पोरगा मला दाखवायला म्हणून दांडग्या जनावरावर बसला आणि पडला. संपलं! यापलीकडे कुणी काही विचारत नाही.

मी मुलांची डॉक्टर आहे. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या टप्प्यांवर भरलेली हाडं एकाच पोरात दिसली की आम्हाला पहिलं शिकवतात ते हेच, की सोबतच्या मोठ्या माणसाचा खुलासा ऐकायचा पण त्यावर थांबायचं नाही. एंडार खरं बोलत असेलही. नट इतकं मनापासून बोलतो की विश्वास बसतो. पण तपासणारीनं विश्वास ठेवून कसं चालेल? लेकीशी हे जरूर बोला. 'तो घरी जायचं म्हणतोय' एवढं पुरत नाही, कधीकधी मार खाणारी पोरंही तेच म्हणतात.

आंबटगोड:
डॉक्टर, हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्यांनी दुसऱ्या चार पोरांना का नाही विचारलं?" खरंच की हो! ती चौघं तिथेच तर होती.

राधेचा_मुलगा:
मोगली नको म्हणालात, पण आपल्या घरातली गोष्ट कुणीच कशी काढली नाही? उद्योगपर्व काढा. युद्ध तोंडावर आलंय, दोन्ही सैन्यं जमताहेत, आणि कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो की तू सूताचा नाहीस, कुंतीचा थोरला आहेस, चल, राज्य तुझं. म्हणजे तुमच्या ॲडमिरल आजीचाच निरोप, फक्त जास्त गोड आवाजात.

कर्ण काय उत्तर देतो ते पाहा. धर्म, नीती नंतर येते. आधी तो सांगतो की मला पाहताच मायेनं राधेला पान्हा फुटला, तिनं माझं हगणंमुतणं काढलं, मी तिला कसा सोडू? मग नंतर गंगेकाठी कुंती स्वतः येते. तिलाही तो रिकाम्या हातानं पाठवत नाही, अर्जुन सोडून बाकीच्यांना मारणार नाही असा शब्द देतो. पण येत नाही. कादंबऱ्या मोप आहेत, तरी लेकीला आधी मूळ प्रसंगाचं मराठी भाषांतर द्या. दोन प्रकरणांत काम होतं.

निवाडापत्र:
कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून दोन ओळी. लेकीचा प्रश्न आपल्या कायद्यातही आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा, कलम १७: मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. 'घेऊ शकतं', 'घेतलीच पाहिजे' असं नाही. मुख्य कसोटी मुलाचं हित. न्यायाधीश बहुतेकदा मुलाला आपल्या दालनात बोलावून एकटंच बोलतात, आईबाप बाहेर बाकावर.

आणि त्या दालनातून बाहेर येणारं मूल काय करतं ठाऊक आहे? आधी दोन्हीकडे बघतं, कुणाचा चेहरा पडलाय ते. एकदा एक सात-आठ वर्षांचा मुलगा बाहेर आला आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या. कंपासपेटी उघडून पेन्सिलीला टोक करत बसला, पेन्सिल अर्धी होईपर्यंत. म्हणून मला पिकार्डचा राग येत नाही. चाळीस मिनिटं त्यानं निदान मुलाबरोबर घालवली.

फेडरेशनवाल्यांना, म्हणजे पिकार्डच्या बाजूच्या लोकांना, जोनो 'आपला' वाटतो तो केवळ त्याच्या चेहऱ्यामुळे. रक्ताचं नातं हा पुरावा त्यांना इतका पुरेसा वाटतो की बाकी काही तपासावं असं सुचतच नाही. हे मी रोज पाहते.

रंगपट:
निवाडा म्हटलं की 'अजब न्याय वर्तुळाचा'. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'चं चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेलं मराठी रूप, विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. खडूचं वर्तुळ, मधे मूल, दोन्हीकडून दोघी ओढणार. जिनं वाढवलं ती ओढत नाही, हात सोडते, कारण पोराचा हात तुटेल. अंतराळ नाही, पण तुमच्या दोन जहाजांचं चित्र इथून फार लांब नाही. संहिता मिळाली तर दोघी मिळून मोठ्यानं वाचा, नुसती मनात वाचू नका.

गल्लीतला_बिटरगाव:
मला कळत नाही एवढा ऊहापोह कशाला. पोरगा माणसाचा, तर माणसात ठेवायचा. सुरा मारणाऱ्याला परत पाठवणं हा कसला न्याय?

वार्पवाला:
@गल्लीतला_बिटरगाव, भाऊ, ठेवला तर पुढे काय? हेच ट्रेकवाल्यांनी त्यांच्या 'व्हॉयेजर' मालिकेत करून पाहिलंय. सेव्हन ऑफ नाइन, सहा वर्षांची असताना बोर्गनं (माणसांना पकडून अर्धयंत्र करणारी, एकाच सामाईक मनानं चालणारी टोळी) नेलेली. कप्तान जेनवे तिला तिच्या इच्छेविरुद्ध बोर्गपासून तोडते आणि पुढची चार वर्षं जहाजावर ती पुन्हा माणूस व्हायला शिकते. तो निर्णय बरोबर होता असं मालिका म्हणते, पण बाई किती तळमळते ते दाखवायचं टाळत नाही.

ताई, यावरून आठवलं, 'चाइल्ड्स प्ले', 'व्हॉयेजर'चा सहावा सीझन. बोर्गमधून सुटलेला इचेब नावाचा पोरगा. त्याचे खरे आईबाप सापडतात, गरीब शेतकरी, प्रेमळ. सेव्हनला तो द्यायचा नाहीये आणि सगळे तिला समजावतात की तू जास्त गुंतलीस. त्यात काय दडलंय ते मी सांगणार नाही. फक्त रक्ताच्या नात्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. (हे बिटरगाव भाऊंसाठीसुद्धा.)

लोन_स्टार_आजोबा:
मी डॅलसमध्ये राहतो, तीस वर्षं झाली. इथल्या लोकांना ही गोष्ट परग्रहावरची वाटत नाही, त्यांच्या इतिहासातली आहे. १८३६ च्या मे महिन्यात कोमांची (इथली एक मूळनिवासी जमात) आणि त्यांच्या साथीदारांनी टेक्सासमधल्या फोर्ट पार्कर या गोऱ्यांच्या वस्तीवर हल्ला केला आणि सिंथिया ॲन पार्कर नावाची नऊएक वर्षांची मुलगी नेली. ती कोमांचींत वाढली, पेटा नोकोनाशी लग्न झालं, मुलं झाली. जवळजवळ चोवीस वर्षांनी, डिसेंबर १८६० मध्ये, पीज नदीकाठी टेक्सास रेंजर्सनी तिला 'सोडवलं'. कडेवर तान्ही मुलगी.

नातेवाइकांना वाटलं पोर घरी आली. ती पळून जायचा प्रयत्न करत राहिली, मुलांकडे. तिचा त्या काळचा फोटो आहे, पोरीला अंगावर पाजते आहे आणि केस आखूड कापलेले. कोमांचींत तसे केस शोकात कापतात. पोरगी लवकर गेली, तीही पुढे खचून गेली. तिचा मागे राहिलेला मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा मोठा म्होरक्या झाला. फोर्ट पार्करची प्रतिकृती ग्रोसबेक गावाजवळ आहे. नातवंडांना घेऊन गेलो होतो. लाकडी कुंपण, आत छोट्या खोल्या. नात म्हणाली, "आबा, एवढ्याशा जागेत परत यायचं?"

सिनेमा पाहायचा तर जॉन फोर्डचा 'द सर्चर्स', १९५६. जॉन वेन कोमांचींनी नेलेल्या पुतणीला शोधत वर्षानुवर्षं फिरतो, आणि अर्ध्या वाटेत लक्षात येतं की तो तिला आणायला नाही, मारायला निघालाय, कारण ती आता 'त्यांच्यातली' झाली. कोमांचींचं चित्रण जुनाट आणि एकतर्फी आहे, तुमची अट मोडतो. लेकीला ते सांगून मगच दाखवा. पण वेनच्या चेहऱ्यावरचा तो द्वेष पाहण्यासारखा आहे.

कडकलक्ष्मी:
'एनिमी माइन' सिनेमा राहिला की! १९८५. माणूस आणि ड्रॅक (परग्रहवासी), दोन शत्रू वैमानिक एकाच ओसाड ग्रहावर अडकतात. ड्रॅक बाळंतपणात जातो (हो, जातो, त्यांच्यात नर-मादी वेगळे नसतात) आणि माणूस त्याचं पोर वाढवतो. आधी शब्द दिलेला असतो की पोराला त्याच्या लोकांपुढे उभं करून त्याची वंशावळ म्हणून दाखवीन. म्हणून आधी स्वतः ती सगळी नावं पाठ करतो. वाढवणाराच परत न्यायला निघतो, असं दुसरीकडे पाहिलं नाही. रबरी मुखवटे जुने झालेत, हसू येईल, येऊ द्या.

आंबटगोड:
सगळ्यांचे आभार. धागा वाचनखुणेत टाकलाय. आतापर्यंतचा अहवाल:

'कार्डेशियन्स' पाहिला. सिस्कोच्या निकालावर लेक उठून स्वयंपाकघरात गेली, डबे आपटले, परत आली आणि म्हणाली, "याला तर कुणी सुराही मारला नाही, म्हणून यानं ऐकलं नाही." आबा, तुमचं लिखाण दोनदा वाचलं तिनं, फोटोही शोधून पाहिला. वकीलताई, पेन्सिलीचं मी मुद्दाम तिला सांगितलं नाही, का कोण जाणे.

कर्णाचा प्रसंग आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, तोंडी सांगितला. पान्ह्याच्या वाक्याला थोडे अडखळले.

एक गंमत राहिली. 'सडनली ह्यूमन' तिनं काल एकटीनं पुन्हा लावला. म्हटलं, का गं? म्हणे, शेवट बघायचा होता. जाताना जोनो हातमोजे काढतो आणि पिकार्डच्या कपाळाला कपाळ लावतो, तसं तलारियन फक्त बापाला करतात. पहिल्या वेळी भांडणाच्या भरात तिचं ते सुटलं होतं.

आज रात्री 'चाइल्ड्स प्ले'. आइसक्रीम आणलंय. जोनोनं चमचा मारून वेस्लीच्या (डॉ. क्रशरचा मुलगा) तोंडावर उडवलं होतं तसं करायचा तिचा बेत दिसतोय, म्हणून सोफ्यावर जुनी चादर घालून ठेवलीय.