कोकण किनाऱ्यावर कॅम्पर गाडीत मुक्काम: जनरेटर घ्यावा का, आणि कोणता?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली. चौघांची झोपायची सोय, 12 व्होल्टवरचा छोटा फ्रीज, कमी विजेवर चालणारे दोन बीएलडीसी पंखे, पाण्याचा पंप आणि हौसेनं बसवलेला एक टनाचा इन्व्हर्टर एसी. आतापर्यंत होमस्टेच्या अंगणात गाडी लावून वायर ओढायची, एवढंच केलंय. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून निघून आंजर्ले, गुहागर, आंबोळगड, भोगवे असे नऊ मुक्काम ठरवलेत. त्यातले निदान पाच बिनविजेच्या जागी.

अडचणी दोन. वडिलांचा झोपेत श्वास अडकतो, त्यांना रात्रभर सीपॅप मशीन लागतं. ते मध्येच बंद पडून चालणार नाही. दुसरी अडचण म्हणजे एप्रिलमधला कोकणातला उकाडा.

मित्राकडे 3 केव्हीएचा साधा, उघड्या सांगाड्याचा पेट्रोल जनरेटर पडून आहे, निम्म्या किमतीत देतोय. नवा इन्व्हर्टर जनरेटर त्याच्या कितीतरी महाग. माझं मन मित्राच्या जनरेटरकडे झुकलंय: एसी चालेल, मशीनही चालेल. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

लांबचा पल्ला

दादा, जनरेटर घ्याच, पण मित्राचा नको. सहा वर्षं मी कॅम्पर घेऊन कोकणात उतरतोय. बॅटरी-सोलर पुरेसं आहे असं सांगणारे आता येतीलच. त्यांचं ऐका, पण किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळते ती सुरूच्या बनात, हे ध्यानात ठेवा. सावलीत गाडी गार राहते आणि छतावरचं पॅनल उपाशी. उन्हात लावली तर पॅनल चालतं आणि गाडीची भट्टी होते. आजारी माणूस बरोबर असताना एकाच साधनावर विसंबायचं नाही.

साध्या जनरेटरचं इंजिन लोड असो-नसो मिनिटाला 3000 फेऱ्यांनी धावत राहतं, कारण 50 हर्ट्झ त्या फेऱ्यांवरच मिळतात. इन्व्हर्टर जनरेटर वीज आधी डीसी करून तिची पुन्हा घरच्या सॉकेटसारखी स्वच्छ वीज बनवतो, त्यामुळे लोड कमी झाला की इंजिनही मंदावतं. पेट्रोल वाचतं, आवाज उतरतो आणि नाजूक मशीनला हेलकावे न खाणारी वीज मिळते. होंडाचा ईयू22आय घ्या उदाहरणाला: वजन 21 किलोच्या आसपास, टाकी 3.6 लिटरची. पूर्ण लोडवर तीन-सव्वातीन तास, पाव लोडवर आठ तास. म्हणजे पंखे आणि मशीन एका टाकीत रात्रभर.

माडाखाली

या 'रात्रभर'लाच माझा विरोध आहे.

माझं घर गुहागरच्या किनाऱ्यालगत. मागे माडाची वाडी, पुढे सुरूचं बन, मग पुळण. गेल्या मे महिन्यात बनात एक कॅम्पर येऊन थांबली. रात्री नऊला जनरेटर सुरू झाला तो पहाटे टाकी संपली तेव्हाच थांबला. आमच्याकडे एसी नाही, खिडक्या सताड उघड्या ठेवूनच झोपावं लागतं. आई ब्याऐंशीची. एकच्या सुमारास पाहिलं तर ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. विचारलं तर म्हणाली, "समुद्र ऐकू येत नाही रे." लग्न होऊन आल्यापासून ती त्या आवाजावर झोपत आली आहे.

नियमाचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा 45 डेसिबल आहे. मी मात्र नियमाच्या आधी शेजारधर्म धरतो. आपली वीज आपण जिथं बनवतो तिथल्या माणसांची झोप त्यात जाता कामा नये.

आणि आंजर्ल्याला जाताय म्हणून सांगतो. तिथं आणि जवळच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेनं चालू लागतात. जनरेटर आला की त्याच्या मागून फ्लडलाइट येतोच. वेळासच्या गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून हे काम उभं केलंय. पुळणीकडे तोंड करून एकही दिवा लावू नका, ही विनंती.

लांबचा पल्ला

काका, तुमच्या आईंचा त्रास वाचून वाईट वाटलं. तो जनरेटर बहुधा उघड्या सांगाड्याचाच असणार. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. शिमग्यात ढोल रात्रभर वाजतात, ते चालतं. आणि 2020 च्या निसर्ग वादळानंतर लाईट नव्हती तेव्हा कोकणातल्या गावांनाही जनरेटरनंच हात दिला ना? यंत्र तेच. मग कृष्णाकाठ यांच्या गाडीत वडील झोपलेत तेव्हा ते वाईट कसं?

माडाखाली

शिमगा गावाचा आहे. पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात येणार हे आधी ठरलेलं असतं आणि त्या रात्री झोपायचं कुणालाच नसतं. तुमच्या इंजिनाची वर्दी आम्हाला कोण देतं?

निसर्गचं काढलंत म्हणून सांगतो. 3 जून 2020 ला ते वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं. माझी बहीण दिवेआगरची. पोफळी मोडून पडल्या, खांब आडवे, कित्येक दिवस लाईट नाही. त्यांच्या आळीत एक जनरेटर होता. रोज संध्याकाळी दोन तास चालायचा. आधी विहिरीवरचा पंप, मग ओटीवर एक्स्टेंशन बोर्ड टाकून सगळ्या आळीचे मोबाईल. दोन तास झाले की बंद, कारण पेट्रोल उद्यालाही पुरवायचं होतं. त्या आवाजाची लोक वाट बघायचे. वडिलांच्या मशीनला विरोध करायला मी काही दगड नाही. माझा विरोध एसीसाठी आठ तास चालणाऱ्या इंजिनाला आहे.

फेज न्यूट्रल

मी वायरमन आहे. भांडण बाजूला ठेवून आधी बेरीज करू.

फ्रीज 50 वॅटचा, निम्मा वेळ चालू धरला तर दिवसाला 600 वॅट-तास. दोन पंखे 30-30 वॅटचे, दहा तास, म्हणजे आणखी 600. सीपॅप ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून 40 वॅट धरा, आठ तासांचे 320. दिवे, मोबाईल, पंप मिळून दीडशे. एकूण पावणेदोन युनिटच्या आत (एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास). 12.8 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी सव्वा युनिटाची. दोन असल्या तर तुमचा एक दिवस-रात्र निघून वर निम्मा दिवस शिल्लक राहतो. इन्व्हर्टर जनरेटरच्या पैशात दोन बॅटऱ्या येतील.

आता एसी. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी 800 वॅट घेतो म्हटलं तरी आठ तासांचे साडेसहा युनिट. छोटा जनरेटर अशा लोडवर एका लिटरमागे सव्वा युनिट देतो. म्हणजे रात्रीला पाच लिटर पेट्रोल, एका एसीसाठी. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय 30 लिटरच बाळगता येतं, तेही विक्रीसाठी नसेल तर आणि धातूच्या डब्यात. पाच मुक्कामांना लागणार 25 लिटर. एवढं पेट्रोल वडील झोपतात त्या गाडीत ठेवणार?

आवाजाचंही गणित सांगतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. चांगल्या इन्व्हर्टर जनरेटरचा आवाज पूर्ण लोडवर 7 मीटरवर 57 डेसिबल. 14 वर 51, 28 वर 45. उघड्या सांगाड्याचा 7 मीटरवर 70 धरला तर 45 ला उतरायला सव्वाशे मीटर लागतात. त्या बनापासून सव्वाशे मीटरच्या आत किती घरं आहेत ते माडाखाली यांना विचारा.

एक ताकीद. जनरेटरची पिन होमस्टेच्या सॉकेटमध्ये उलटी घालून घरात वीज खेळवायची नाही. ती मीटरमधून मागे महावितरणच्या तारेवर चढते आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो.

खाडीपलीकडची

सगळे आवाजावर बोलताय. मला धुराबद्दल सांगायचंय, कारण त्यातून आम्ही थोडक्यात वाचलो.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, वेळणेश्वरच्या अलीकडे मुक्काम. आम्ही नीट विचार करूनच जनरेटर ठेवला होता: संध्याकाळी वारा समुद्राकडून येत होता, म्हणून गाडीच्या जमिनीकडच्या बाजूला, चार-पाच पावलांवर, धुराचं तोंड पलीकडे. वाळूत तो थरथरत सरकतो म्हणून खाली जांभ्याचा चिरा. धूर माडांकडे जाताना दिसत होता. नऊला झोपलो, बॅटरी चार्ज होत होती, यजमान म्हणाले अकराला उठून बंद करतो.

शाळेत शिकलो होतो ते विसरलो. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. जमीन गार झाली आणि वारा फिरला. आता तो जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे जनरेटरवरून थेट आमच्या खिडकीत. धाकटी रडत उठली, तिला उलटी झाली. मला वाटलं संध्याकाळची कोळंबी बाधली. उठायला गेले तर डोकं ठणकत होतं आणि गुडघ्यात बळ नव्हतं. यजमान हाक मारली तरी उठेनात. दार उघडून मुलीला बाहेर ओढलं, मग त्यांना. जनरेटर बंद केला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. तुमच्या वडिलांचं मशीन तर गाडीतलीच हवा त्यांच्या नाकात ढकलणार. जनरेटर गाडीपासून निदान 6 मीटर लांब हवा, ताडपत्रीखाली कधीच नको, आणि माणसं झोपलेली असताना चालू नको. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीजवळ लावा. आम्ही तो नंतर घेतला.

लांबचा पल्ला

ताई, हे वाचून माझं एक मत बदललं. रात्रभर चालतो असं मी वर लिहिलं, ते मागे घेतो. मी वीस फुटांची वायर वापरतो, पण वारा फिरण्याचा विचार कधी केला नव्हता. जनरेटर घ्यावा हे मत मात्र कायम आहे. दिवसा चालवून बॅटऱ्या भराव्यात.

छतावर सूर्य

दिवसा भरायच्या असतील तर त्यालाही जनरेटर लागत नाही. रोज गाडी हलतेच आहे. गाडीच्या इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, दोन तासांच्या प्रवासात पाऊण युनिट बॅटरीत पडतं. आंजर्ल्याहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीपर्यंतच्या वळणावळणांच्या रस्त्यात तेवढा वेळ जातोच. छताला 400 वॅटचं पॅनल असेल तर एप्रिलच्या उन्हात दीड युनिटाच्या आसपास. सावलीचा मुद्दा खरा आहे, त्यासाठी घडीचं पॅनल घ्या: गाडी सावलीत, पॅनल उन्हात, मध्ये दहा मीटर वायर. आणि सावली शोधताना माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडला तर पॅनलच काय, काचही राहत नाही.

जून-जुलैत गेलात तर माझं हे सगळं गणित पाण्यात, हेही मान्य करतो.

चोक ओढा

गॅरेजवाला म्हणून एवढंच. मित्राचा जनरेटर 'पडून आहे' म्हणालात, किती महिने? हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे पावसाळाभर टाकी भरून ठेवलेले जनरेटर येतात. कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाला हिरवट चिकटा, जेट बुजलेला, रबरी नळी फुगलेली. दोरी ओढून खांदा निखळेल पण सुरू होणार नाही. कोणताही घ्या, ठेवताना टाकी रिकामी करा आणि नळ बंद करून कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत चालवा. किनाऱ्यावरून आलात की ओल्या फडक्यानं मीठ पुसून घ्या, नाहीतर सॉकेटच्या पितळेवर महिन्याभरात हिरवं धरतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीपलीकडची ताईंचा अनुभव घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, एसी नको, गाडीत जनरेटरही नको.

मित्राला नाही कळवलं. दोन लिथियम बॅटऱ्या, डीसी-डीसी चार्जर आणि घडीचं पॅनल घेतोय. एसी फक्त मीटर असेल तिथं. लांबचा पल्ला यांचा दोन साधनांचा मुद्दा मात्र पटतो, म्हणून नऊपैकी चारऐवजी पाच मुक्काम विजेच्या जागी केले. बिनविजेच्या सलग दोनच रात्री येतील. 2 केव्हीएचा जनरेटर पावसाळ्यातल्या फेरीच्या आधी बघू.

लांबचा पल्ला

एक रात्र ढगाळ गेली आणि एक बॅटरी दगावली तर काय कराल? माझ्या मते ही जोखीम आहे. निघायच्या आधी घरी एक रात्र मशीन बॅटरीवर चालवून बघा, कागदावरच्या वॅटवर जाऊ नका.

माडाखाली

गुहागरला आलात की आमच्या अंगणात लावा गाडी. एसी लावायचा तर लावा, मीटरप्रमाणे पैसे द्या. वडिलांना आईशी गप्पा मारता येतील.

कृष्णाकाठ

काका, नक्की येतो. आणि चाचणी काल केली. मित्राची 100 अँपिअर-अवरची एकच बॅटरी आणली, मशीन 12 व्होल्टच्या वायरवर थेट जोडलं, ह्युमिडिफायर बंद. तो बंद ठेवण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारलं होतं. रात्री 10 ला बॅटरी 100 टक्के. मी दोनला उठून पाहिलं तेव्हा 88. सकाळी 6 ला वडील उठले तेव्हा 77.