जुन्या निधनवार्तांवरून वंशावळ मांडावी का?

कात्रणवाला:
आजोबांच्या निधनाचं कात्रण पत्र्याच्या डब्यात सापडलं. तारीख नाही, नुसतं ‘गुरुवारी निधन झाले’. मागच्या बाजूला कसोटी सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचा अर्धा धावफलक होता, त्यावरून तारीख लागली. ‘पश्चात’च्या यादीत एका बहिणीचं सासरचं आडनाव होतं. घरात ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यावरून अख्खी शाखा हाती लागली! मृत्यूच्या दाखल्यात असा गोतावळा मिळत नाही. माझ्या मते निधनवार्ता आणि अंत्यविधीच्या सूचना हाच पहिला पुरावा मानावा.

शंकासुर:
पुरावा कसला? घाईत, रडत, ओळीमागे पैसे मोजून दिलेली जाहिरात ती. आमच्या आजोबांच्या बातमीत थोरल्या काकांचं नावच नाही. भांडण होतं. शंभर वर्षांनी कुणी ती वाचून काका नव्हतेच असं ठरवेल. आणि पणजीच्या बातमीत तर पणजीचंच नाव नाही, ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढंच.

कात्रणवाला:
दाखल्यातली माहिती तरी कोण देतं? घरचाच माणूस. वय तोही अंदाजानेच ठोकतो.

सूक्ष्मफीत:
भांडा, पण आधी नीट शोधा. ऑनलाइन संग्रहात नाव टाकून काही आलं नाही म्हणजे बातमी छापलीच नव्हती असं नाही. स्कॅनवरून यंत्र वाचतं. देवनागरीत घ चा ध, भ चा म होतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन संग्रहावर वाचक स्वतः अशा ओळी दुरुस्त करतात, पण तिथली बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ पर्यंतचीच. पुढच्या काळासाठी तिथले लोक ‘रायर्सन इंडेक्स’ ही निधनवार्तांची सूची बघतात. त्यात मूळ मजकूर नसतो. नाव, तारीख, वर्तमानपत्र कळतं, अंक आपणच काढायचा. आणि कात्रण मिळालं की त्यावर तारीख लिहून ठेवा हो, दर वेळी क्रिकेट मदतीला येत नाही.

गपगुमान:
गेलेल्यांचं ठीक आहे. यादीतल्या जिवंत माणसांचं काय? आईचं माहेरचं आडनाव हे अजूनही कित्येक खात्यांच्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तर असतं. अलीकडच्या बातम्या वंशावळीत जशाच्या तशा चिकटवू नयेत.

कात्रणवाला:
हे पटलं. हयात माणसांची नावं झाकतो. शंकासुर, ‘पहिला पुरावा’ हे शब्दही मागे घेतो. पण काकांचं नाव गाळलंय हे तुम्हाला तरी बातमीमुळेच कळलं ना?

शंकासुर:
काकांनीच दाखवलं. ते कात्रण त्यांनी पाकिटात जपून ठेवलं होतं.